चिंगीला घेऊन गडावर: पहिल्यांदा निघणाऱ्या मुंबईकरांसाठी

ऑक्टोबरातला रविवार, दुपारचे साडेबारा. पेठच्या किल्ल्यावरून उतरताना आमची गावठी कुत्री चिंगी एका करवंदीच्या जाळीखाली शिरून बसली ती उठेचना. बिस्कीट दाखवलं, तिने तोंड फिरवलं. जीभ लांबलचक बाहेर, लाळेची चिकट तार लोंबतेय, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, पलीकडे कुठेतरी. बाटलीत जेमतेम अर्धा लिटर पाणी उरलं होतं. ते सगळं तिच्या पोटावर ओतलं, टोपीने वारा घातला आणि अर्ध्या तासाने ते चौदा किलोचं धूड खांद्यावर टाकून आंबिवलीची वाट धरली. लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या एक मावशी थांबल्या, म्हणाल्या, "मुक्या जिवाला उन्हाचं कशाला आणलंस रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळपासून ती माझ्या पुढे पळत होती, म्हणून मी समजलो होतो की गडी खूश आहे. नंतर कळलं की कुत्रं आपल्याला सोडून मागे राहायचं नाही म्हणून चालतं. "मला आता जमत नाही" हे ते सांगत नाही, एकदम बसतं. तेव्हा परत कधी फिरायचं हे कुत्र्यावर सोडू नका. खाली जे काही लिहिलंय ते त्या दिवसानंतरच्या सहा वर्षांत, चुकत-माकत शिकलेलं आहे.

आधी डॉक्टर, मग डोंगर

पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. कुत्र्याला पशुवैद्याकडे न्या आणि स्पष्ट विचारा: "याला तीन-चार तास चढ-उतार झेपेल का?" हृदय, सांधे आणि वजन बघायला सांगा. फ्लॅटमधली निम्मी लॅब्रॅडॉर मंडळी गुटगुटीत असतात. बरगड्या हाताला लागत नसतील तर आधी वजन उतरवा.

वय महत्त्वाचं. पिल्लाच्या हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आत त्याला दगडांवरून उड्या मारायला लावल्या तर सांधे कायमचे बिघडू शकतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत ही वाढ दीड वर्षापर्यंत चालते, तोवर सपाटीवर फिरवा. पग, बुलडॉग, शित्झू या बसक्या नाकाच्या जाती घेऊन गडावर जाऊच नका. त्यांना धाप नीट टाकता येत नाही आणि कुत्र्याच्या अंगातली उष्णता बाहेर काढायचा मुख्य रस्ता धाप हाच आहे. हस्की मुंबईत पाळावा का, हाच मुळात एक प्रश्न आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

सगळ्यात बरं कोण? आपलं गावठी कुत्रं. अंगावर केस कमी, पाय काटक, ऊन-पावसाची सवय पिढ्यान् पिढ्यांची. तरीही चिंगी बसलीच, हे लक्षात असू द्या.

लसी: रेबीजची वर्षाची लस चुकलेली नसावी. एकत्रित लसीत लेप्टोचा समावेश आहे ना ते विचारून घ्या. लेप्टो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतो, हे मुंबईकराला सांगायला नको. गोचीड लागू नये म्हणून चघळायची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध मिळतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी काही दिवस आधी द्या. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढलेला असेलच. नसेल तर काढा, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरून घ्या. मुलुंडच्या गल्लीत हरवलेलं कुत्रं सापडतं, कर्जतच्या रानात हरवलेलं सापडेलच असं नाही.

सराव जिन्यावर

डोंगराची तयारी इमारतीत होते. आमच्या सोसायटीत सात मजले आहेत. पहिल्या आठवड्यात रोज एकदा वर-खाली, पुढच्या आठवड्यात दोनदा, असं सहा आठवडे केलं. (तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरींची चिठ्ठी आली, जिन्यात केस पडतात म्हणून. आता मी रोज खिशात एक फडकं ठेवतो.) उतरताना सांध्यांवर जास्त भार येतो, म्हणून उतरणं सावकाश.

सोबत रविवारी लांब चाल. पहाटे शिवाजी पार्क, नाहीतर मरीन ड्राइव्हचा पट्टा. डांबरावर, फरशीवर, मातीवर, वाळूवर असं सगळीकडे चालवा, म्हणजे तळवे निबर होतात. दोन तास सलग चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी कुत्रं नेहमीसारखं उठत असेल, लंगडत नसेल, तर ते पहिल्या छोट्या गडासाठी तयार आहे.

याच काळात तीन आज्ञा पक्क्या करा: "थांब", "सोड" आणि हाक मारल्यावर परत येणं. "सोड" सगळ्यात महत्त्वाची. रानात कुत्र्याच्या तोंडात काय जाईल याचा नेम नाही. मेलेला खेकडा, माकडाची विष्ठा, कुणीतरी टाकलेली बिर्याणीची हाडं, सगळं तिथे असतं.

वाट निवडताना

नियम एकच: ज्या वाटेवर शिडी, दोर किंवा हाताने धरून चढायचा दगड आहे, ती वाट कुत्र्याची नाही. त्यामुळे कलावंतीण, इर्शाळ, ढाक-बहिरी, हरिहर यादीतून बाद. पेब आणि सोंडाई लहान वाटतात, पण वाटेत लोखंडी शिड्या आहेत. लोक कुत्र्याला पाठीवर बांधून शिडी चढतात, त्याचे फोटोही टाकतात. माझं मत विचाराल तर ते शौर्य कुत्र्याने मागितलेलं नसतं.

दुसरी गाळणी जंगलखात्याची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, आणि ठाण्याचं येऊरचं जंगल त्याच उद्यानाचा भाग आहे. कर्नाळा, तुंगारेश्वर, तानसा, फणसाड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. माहुली तानसाच्या हद्दीत येतो, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच. इथे कुत्रं नेऊ नका. दंड होतो हा मुद्दा नाही. कुत्र्याच्या वासानेच हरणं, ससे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी बिथरतात, आणि आपल्या कुत्र्याचे आजार रानात पसरतात. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये सापडला होता.

मग उरतं काय? बरंच काही. सुरुवातीला मी लोणावळ्याकडची राजमाचीची वाट सुचवतो. एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर आहे, पण जवळजवळ सपाट, झाडी भरपूर. सगळी करायची गरज नाही. दोन तास जा आणि परत फिरा. कोंढाण्याच्या लेण्यांकडून वर चढणारी वाट मात्र खडी आहे, ती पुढच्या वर्षी. कोरीगडाला पेठ शहापूरकडून पायऱ्या आहेत, चढ थोडक्यात आटपतो, पण माथा उघडा आहे, सावली नाही. म्हणून सकाळी नऊच्या आत माथ्यावरून निघायचं. पेठ, म्हणजे कोथळीगड, आंबिवलीहून मळलेल्या वाटेने वरच्या पेठ गावापर्यंत आणि पुढे गुहेपर्यंत कुत्र्याला जमतो. त्यापुढे सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना आहे, उंच पायऱ्यांचा. तिथे आम्ही आळीपाळीने जातो, एकजण खाली चिंगीपाशी थांबतो.

एकट्याने कधीच जाऊ नका. किमान दोन माणसं, आणि निघण्याआधी स्वतःला विचारा: याचा पाय मोडला तर आपण दोघं याला उचलून खाली आणू शकू का? चौदा किलोची चिंगी कशीबशी आणता येते. शेजारच्या काकांचा पस्तीस किलोचा सुलतान कोण आणणार?

ऊन, दमटपणा आणि घड्याळ

कुत्र्याला घाम फक्त तळव्यांना येतो, आणि तो उपयोगाचा नाही. बाकीचं सगळं काम जीभ करते: ओल्या जिभेवरून, घशावरून हवा खेळते, पाणी सुकतं आणि अंग निवतं. आता यात गोम अशी की हवा आधीच दमट असेल तर पाणी सुकतच नाही. म्हणून वाळवंटातल्या कोरड्या सावलीत जे कुत्रं तग धरेल, ते आपल्याकडच्या कोकणी हवेत ३२ अंशांवरसुद्धा लोळू शकतं. पारा बघून निर्णय घेऊ नका, स्वतःच्या शर्टाकडे बघा. तो पाठीला चिकटला असेल तर कुत्र्याचे हाल सुरू झालेत.

वाळवंटाशी आपलं साम्य आहे ते जमिनीच्या बाबतीत. आपला काळा कातळ तव्यासारखा तापतो. हाताची पालथी बाजू दगडावर ठेवा आणि सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात टिकला नाही तर कुत्र्याचे तळवेही टिकणार नाहीत. पायमोजे मिळतात, घालून बघा, पण घरात महिनाभर सवय केल्याशिवाय नाही. शेवाळलेल्या पायरीवर ते घसरतात.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्च ते मे विसरा. पावसाळ्यात सगळ्यांनाच जायचं असतं, पण निसरडी वाट, फुगलेले ओढे, धबधब्यावरची गर्दी आणि दरवर्षी निघणारे बंदीचे आदेश, यात नवख्या कुत्र्याला घेऊन जाण्यात मला शहाणपण दिसत नाही.

वेळ ठरवताना एक पेच पडतो. उन्हासाठी लवकर निघायला हवं, आणि बिबट्यासाठी अंधारात निघायचं नाही. बिबट्याच्या खाण्यात कुत्रं हा नेहमीचा पदार्थ आहे, आणि मुंबईच्या आसपासच्या बहुतेक रानात बिबट्या आहे. म्हणून मी असं करतो: पायथ्याला उजाडायच्या आधी पोचायचं, गाडीतच चहा प्यायचा आणि दिसायला लागलं की चालू पडायचं. दहा-साडेदहाला परत गाडीपाशी. नाइट ट्रेक नाही, तंबूत मुक्काम नाही.

पिशवीत काय

हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवतीचा पट्टा हवा, पाठीवर धरायला मूठ असलेला. गळपट्ट्याला धरून उचललं तर गळा आवळतो. लीश सहा फुटांची साधी नायलॉनची. बटण दाबलं की सुटत जाणारी नको, ती कारवीच्या झुडपांत अडकते आणि ऐन वेळी हातातून निसटते.

पाणी चिंगीसाठी वेगळं, अर्ध्या दिवसाला दीड लिटर, त्यातलं अर्धा लिटर प्यायला नाही, अंगावर ओतायला. हा अर्धा लिटर गाडीपर्यंत परत येतो तेव्हा मी खूश असतो. घडीची वाटी, तिचं नेहमीचं खाणं (नवीन काही डोंगरात चाखवू नका), टोकदार चिमटा, जाळीचं कापड, स्वतःला चिकटणारी पट्टी, बिटाडीन, विष्ठेच्या पिशव्या, आणि एक जुनी जाड चादर. ही चादर म्हणजे आमचं स्ट्रेचर.

माणसांची औषधं कुत्र्याला देऊ नका. क्रोसिन आणि ब्रुफेन दोन्ही घातक ठरतात. आणि पायथ्याच्या गावात कौतुकाने कुणी कांदाभजी पुढे केली तर हात जोडून नाही म्हणा. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही नाही. चिवड्यातल्या बेदाण्यांकडे लक्ष ठेवा, सोबतचे मित्र बिनधास्त भरवतात.

गावातून जाताना

गाडीने घाट चढताना कुत्र्यांना मळमळतं, म्हणून निघण्याआधी चार तास पोट रिकामं ठेवा.

खरी परीक्षा पायथ्याच्या गावात. गडाची वाट जवळजवळ नेहमी वस्तीतून जाते आणि वस्तीची कुत्री तुमच्या कुत्र्याची वाट बघत असतात. पळू नका, दगड उचलू नका. आपलं कुत्रं आपल्या आणि भिंतीच्या मध्ये घ्या, लीश आखूड धरा आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला हाक मारा: "दादा, जरा तुमची कुत्री आवरता का?" दादा नुसतं "हाड!" म्हणतात आणि रस्ता मोकळा होतो. तो "हाड" आपल्याला जमत नाही, सुरात फरक आहे. मी हल्ली गावातल्याच एखाद्या पोराला वाट दाखवायला सोबत घेतो. त्याला चार पैसे मिळतात आणि गावची कुत्री त्याला ओळखतात.

गुरं दिसली की लांबून जा. रेडकू सोबत असलेली म्हैस कुत्र्याला बिबट्याच समजते आणि अंगावर येते. अशा वेळी लीश सोडून द्या. कुत्रं पळून सुटतं, तुम्ही दोघं बांधलेले असाल तर कुणीच सुटत नाही. संबंध ट्रेकमध्ये लीश सोडायचा हा एकच प्रसंग.

शेतात पीक असेल तर बांधावरूनच. देवळात कुत्रं नेऊ नका, बाहेर बांधा. तसं लोक प्रेमळ असतात. दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाच्या सोबत कुत्रं, त्यामुळे म्हातारी माणसं चिंगीला भाकरीचा तुकडा घातल्याशिवाय सोडत नाहीत. पण गडावरचं पिण्याचं टाकं ही वेगळी गोष्ट. त्यात कुत्र्याने तोंड घालायचं नाही, उडी तर नाहीच. ते पाणी गुराखी पितात, ट्रेकर पितात. टाक्यातलं पाणी बाटलीने काढून बाजूला वाटीत द्यायचं.

वाटेवर

दर वीस मिनिटांनी सावलीत थांबा, पाणी पुढे करा, नाही प्यालं तरी करा. थांबल्यावर पाच मिनिटांत धाप कमी झाली पाहिजे. झाली नाही तर परत फिरा. माथा दहा मिनिटांवर असला तरी.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, उतरताना कुत्रं पुढे आणि तुम्ही मागे असाल तर ते तुम्हाला खाली खेचतं. त्याला शेजारी किंवा मागे चालायला शिकवा. पाऊस संपल्यावर गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. बाणासारखं टोक, उलटे केस, एकदा शिरलं की पुढेच सरकतं. चिंगीच्या पुढच्या डाव्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात, एकदा असंच एक शिरलं होतं. बाहेरून फक्त तांबडा ठिपका दिसायचा आणि ती तो सारखी चाटायची. आठ दिवसांनी डॉक्टरांनी भूल देऊन काढलं तेव्हा ते जवळजवळ मनगटाकडे पोचलं होतं. म्हणून आता थांबलो की आधी चारही पंजे उलटे करून बघतो, मग स्वतः पाणी पितो. थंडीत खाजकुयलीच्या शेंगाही वाटेवर झुकलेल्या असतात. लव अंगाला लागली की कुत्रं वेडंपिसं होतं.

कड्याला आग्या मोहळ असेल तर कुत्र्याला भुंकू देऊ नका आणि तिथे थांबूही नका.

बिघडलं तर

उष्माघात ओळखायची खूण: थांबूनही न कमी होणारी धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, पाय लटपटणं, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या वर गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत आडवं करा, पोट, जांघा, काखा, पंजे भिजवा आणि वारा घाला. ओलं फडकं अंगावर झाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तरच पाणी पाजा. ते बरं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मूत्रपिंडाचा त्रास नंतर उपटतो.

साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, कुत्र्याला चालवू नका. चादरीत घालून उचला आणि निघा. आपल्याकडची अँटी-स्नेक व्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, हिरव्या चापड्यावर नाही. म्हणून लांबून फोटो मिळाला तर घ्या, त्यासाठी साप शोधत बसू नका. निघण्याआधीच त्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि एखाद्या खाजगी डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण खिंडीत नेटवर्क नसतं. मुंबईत परत आणावं लागलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं.

गावच्या कुत्र्याने चावा घेतला तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी डॉक्टरांकडे जा.

घरी आल्यावर

अंघोळीआधी गोचिडी शोधा. कानांच्या घडीत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. सापडली की चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, तेल असले प्रयोग नकोत. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. मग अंघोळ, आणि कान व बोटांमधली जागा कोरडी.

दुसऱ्या दिवशी कुत्रं नुसतं झोपून असेल तर झोपू द्या. पुढचे तीन आठवडे मात्र डोळा ठेवा: खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप असू शकतो. डॉक्टरांना "आम्ही अमुक तारखेला डोंगरात गेलो होतो" हे वाक्य न विसरता सांगा, म्हणजे रक्त तपासायला वेळ जात नाही. मी चिंगीच्या लसीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर ट्रेकच्या तारखा लिहितो. तिथे पेठसमोर, त्या ऑक्टोबरच्या तारखेपुढे, पेनने तीनदा गिरवलेलं आहे: १२.३०, उशीर.